दुनळीचा उजवा घोडा

२ डिसेंबर

बंदूक आली. उजवा घोडा नाही.

हे आधी लिहून ठेवते. नंतर कोणी म्हणायला नको की नंदाला उशिरा सुचलं. ठाण्याच्या दुकानदाराने बाबांची दुनळी कापडातून काढून काउंटरवर ठेवली आणि माझी नजर सरळ तिथेच गेली. नळ्या दोन, चाप दोन, घोडा एकच. अंगठ्याने मागे ओढायचा आणि चाप दाबला की काडतुसावर आपटतो तो घोडा. डावा जागेवर आहे. उजव्या जागी नुसता स्क्रू. नळ्यांखालचं हाताने धरायचं लाकूडही मूळचं नाही, कोणीतरी साधं सागवान तासून ठोकलंय.

"मॅडम, आली तशी दिली."

एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीच्या स्टोअरमध्ये माझं आयुष्य गेलं. 'आलं तसं दिलं' म्हणणाऱ्याच्या पिशवीत आधी हात घालायचा, हे मी तिथे पहिल्या वर्षीच शिकले. बाबा गेल्यापासून बंदूक याच्याकडे जमा होती. परवाना माझ्या नावावर व्हायला दोन वर्षं गेली, मग आचारसंहिता, मग निवडणूक. एवढ्या काळात एक लोखंडाचा तुकडा इकडचा तिकडे करायला काय लागतं? बेल्जियमची बंदूक, असले घोडे आता मिळत नाहीत हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

त्याच्या पाठीमागच्या कपाटात दोन जुन्या दुनळ्या होत्या. त्यांचे घोडे बघून घेतले. नक्षी वेगळी होती. म्हणजे इथे नसेल, किंवा आधीच विकला असेल.

३ डिसेंबर

आईला बंदूक दाखवली. मला वाटलं तिला बरं वाटेल. ती पलंगावरून उठली, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि बंदुकीच्या मध्यावर टाकला. "फडका टाक त्याच्यावर. उघडी नको ठेवू."

बाबांचीही हीच सवय. दसऱ्याला पाटावर बंदूक, झेंडूचा हार, आणि मधोमध लाल फडकं. फडक्याला हात लावायचा नाही. एरवी बंदूक त्यांच्या ट्रंकेत आणि किल्ली त्यांच्या करदोट्याला. तेल द्यायचे तेही दार लावून. एकाच घरात राहून मी ही बंदूक पूर्ण उघडी अशी काल पहिल्यांदा पाहिली. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी!

पण ओटीवरच्या आजोबांच्या फोटोत दोन्ही घोडे स्पष्ट दिसतात. तेव्हा भाताला रानडुकरं लागायची आणि मिठागरावर रात्री चोर यायचे, म्हणून आजोबांनी परवाना काढला होता. भिंग लावून पाहिलं. दोन घोडे, दोन्हींवर वेल.

आईला विचारलं, उजवा घोडा कुठे गेला? तिने टॉवेलाचं टोक सरळ केलं. मग म्हणाली, "घरानच हाय तो. नको शोधू."

घरातच. म्हणजे घरातल्याच कोणाकडे. आईला माहीत आहे आणि ती नाव घेत नाही. शहाऐंशीव्या वर्षीही ती ज्याचं नाव झाकते असा या घरात एकच माणूस आहे, आणि तो आता टिटवाळ्याला राहतो.

४ डिसेंबर

दुकानदार सुटला. आता माझा धाकटा भाऊ, प्रभाकर.

९ डिसेंबर

बंदूक घेऊन कल्याणला गेले. परवाना पर्समध्ये, बंदूक कव्हरमध्ये, रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघतोय. कारागिराचं नाव दौलत. दुरुस्तीचा परवाना भिंतीवर लावलाय, तो आधी वाचून घेतला. मग बंदूक काढली.

घरून निघण्यापूर्वी मी नेलपॉलिशचे बारीक ठिपके देऊन ठेवले आहेत, नळ्यांच्या आतल्या बाजूला आणि दस्त्याच्या खाली. स्टोअरमध्ये आम्ही पंपांचे सुटे भाग असेच ओळखून ठेवायचो. नळी बदलली तर मला कळेल. याला कळणार नाही.

दौलत बोलका आहे. नको तेवढा. म्हणाला, "ताई, हे चोराचं काम नाय. चोर घोडा काढेल तर स्क्रू फेकून देईल. इथे घोडा काढून स्क्रू परत बसवलाय, तेल लावून, बरोबर पेच जुळवून. काढणाऱ्याला बंदुकीची माया होती."

माया! मला दुसरंच दिसलं. स्क्रू परत बसवणारा म्हणजे बंदूक माहीत असलेला, निवांत वेळ असलेला, आणि घरात कोणी संशय घेणार नाही याची खात्री असलेला माणूस. बाबा आजारी असताना शेवटच्या पावसाळ्यात ट्रंकेची किल्ली कोणाकडे होती? प्रभाकरकडे. "बाबा, मी तेल देऊन ठेवतो," कोण म्हणालं होतं? प्रभाकर.

दौलत दुसरा घोडा घडवून देणार आहे. कुठल्यातरी मोडीत निघालेल्या बंदुकीचा घोडा घेऊन, घासून, बसवून. वेलही कोरतो म्हणाला. लाकडाचं विचारलं तर म्हणाला, राहू द्या, पक्कं आहे. मी म्हटलं, अक्रोडाचं बसवा. मला ही बंदूक आजोबांच्या फोटोतल्यासारखी हवी आहे. नुसती दिसायला नको, उडायलाही हवी.

१५ डिसेंबर

टिटवाळ्याला जाऊन आले. जायला नको होतं, किंवा आधीच जायला हवं होतं.

मुलीचं, समीक्षाचं लग्न ठरलं म्हणून प्रभाकरने बोलावलेलं. नवीन बिल्डिंग, बारावा मजला, बाल्कनीतून काळू नदी दिसते. त्याच्या बायकोने, कल्पिताने पुरणपोळ्या केल्या होत्या. प्रभाकर खुशीत. समीक्षा माझ्या शेजारी बसून साड्यांचे फोटो दाखवत होती. हिच्या बारशाला कानात नाव मी सांगितलं, ते नावही मीच निवडलेलं. हळद सात फेब्रुवारीला, कोपरच्या मैदानात मांडव.

"आत्या, हळदीला पिवळी नको नेसूस हां, सगळ्याच नेसतात. तू हिरवी नेस."

सगळं नीट चाललं होतं. मग तिच्या भावाच्या, मितेशच्या खोलीत पाणी प्यायला गेले आणि भिंतीवर बाबांचा काडतुसांचा पट्टा! चामड्याचा, पितळी बकलाचा. त्याला पिवळ्या दिव्यांची माळ गुंडाळलेली. शोभेला.

मी पट्टा काढून बाहेर आले. विचारलं, हा इथे कसा?

प्रभाकर म्हणाला, "बाबांनीच दिला मितेशला. दवाखान्यात असताना."

— आणि घोडाही दवाखान्यातच दिला का?

"कुठला घोडा?"

त्याचा चेहरा मी नीट बघत होते. तो खरंच गोंधळल्यासारखा दिसला. पण लहानपणी माझ्या पाटीवर पाणी ओतूनही तो असाच दिसायचा. मग मी सगळं बोलले. किल्ली, तेल, स्क्रू. जमिनीच्या मारामारीत तुझ्यावर गुन्हा आहे म्हणून परवाना तुला मिळाला नाही, माझ्यावर साधी तक्रारही नाही म्हणून मला मिळाला, हे तुला तेव्हापासून खुपतंय, हेही बोलले. बंदूक पूर्ण जाऊ द्यायची नाही म्हणून तू अर्धी ठेवून घेतलीस.

प्रभाकरने ताट बाजूला सारलं. "ताई, तू मला चोर बोलतेस? माझ्या घरात, माझ्या पोरीच्या समोर?"

मितेश मध्ये पडला, "अरे यार आत्या, छोड ना, एक लोखंडाचा तुकडा तो आहे." त्याला बाकी कशाचं काही नाही. त्याला बंदूक दुरुस्त होतेय एवढंच ऐकू आलं. "हळदीला बार काढू ना मग. पप्पा, आजोबांच्या बंदुकीचा बार! कसलं भारी होईल."

मी पुरणपोळी अर्धी टाकून निघाले. पट्टा माझ्या पिशवीत.

१६ डिसेंबर

आईला पट्टा दाखवला. "गोपीनाथनं दिलता मितेशला," म्हणाली. बाबांना ती नावाने हाक मारते ती फक्त ते नसताना.

दोघांनी मिळून एकच सांगायचं ठरवलेलं दिसतंय.

३० डिसेंबर

अमावास्या. वीराला शेंदूर लावला.

आईचे हात थरथरायला लागल्यापासून हे काम माझ्याकडे आहे. देव्हाऱ्यात गावदेवीच्या टाकाशेजारी आमचा वीर असतो. बाबांचा धाकटा भाऊ भिवा, लग्नाआधीच खाडीत बुडून गेला, त्याचा वीर. आमच्यात लग्न न होता गेलेल्या पुरुषाला असा देवात बसवतात आणि घरातल्या प्रत्येक लग्नाचं पहिलं आवतण त्याला देतात. बाकीच्या देवांना रोज अंघोळ. वीराला पाणी लागू द्यायचं नाही, फक्त तेल आणि शेंदूर. हा आईचा नेम. वर्षानुवर्षं शेंदूर चढून चढून त्याचा आता मुठीएवढा गोळा झालाय. मध्ये एकदा मी म्हटलं होतं, जरा खरवडून काढू का, वाटी अपुरी पडते. आई अशी ओरडली की पुन्हा विषय काढला नाही.

मला भिवाकाका लहानपणापासून जवळचा. परीक्षेच्या आधी मी त्यालाच सांगायचे. माझं लग्न झालं नाही तेव्हा आई एकदाच म्हणाली होती, तुझ्या लग्नात भिवाला आवतण द्यायचं राहिलं. त्या दिवशी मी रडले होते. नंतर मात्र वाटलं, बरं आहे, घरात बिनलग्नाची दोघं आहोत. सोबत आहे.

आज शेंदूर लावून झाल्यावर मी कौल लावला. बरेच दिवस मनात होतं. जास्वंदीच्या दोन पाकळ्या तेलात बुडवून वीराच्या डाव्या-उजव्या अंगाला चिकटवल्या आणि विचारलं — भिवाकाका, तू सगळं बघतोस. घोडा प्रभाकरने घेतला असेल तर उजवी दे.

हात जोडून उभी राहिले. उजवी पडली. मी बोलून संपायच्या आतच पडली म्हणाना.

आता मला कोणाच्या साक्षीची गरज नाही.

३१ डिसेंबर

प्रभाकरचा फोन आला. उचलला नाही.

८ जानेवारी

दौलतचा फोन. घोडा मिळाला, एका फुटक्या नळीच्या बंदुकीचा. "तुमच्या डाव्याचा भाऊच वाटेल, ताई." मी विचारलं, फुटक्या बंदुकीचा मालक कोण? ती कुठून आली? तो हसायला लागला. "तुम्ही पोलिसात होता का?"

म्हटलं, स्टोअरमध्ये.

"मग तेच."

१३ जानेवारी

समीक्षा आली. एकटी, ऑफिसातून परस्पर. तिळाचे लाडू आणलेले. आईच्या पायाशी बसून थोडा वेळ गप्पा मारल्या, मग माझ्या खोलीत आली आणि दार लोटून घेतलं.

"आत्या, पप्पा जेवत नाहीत धड. तुम्ही दोघं काय ते नंतर भांडा ना. माझ्या हळदीला तू नसशील तर मी कोणाकडून लावून घेऊ पहिली हळद?"

म्हटलं, तुझी आई आहे, मावश्या आहेत.

"मला तूच पाहिजेस."

मी कपाट आवरत बसले. आतून मला रडायला येत होतं, आणि त्याच वेळी डोक्यात येत होतं की हिला कोणी पाठवलं असेल. हे मी इथे लिहिते कारण दुसरीकडे कुठे सांगता येणार नाही. ज्या पोरीला अंगाखांद्यावर वाढवलं तिच्या डोळ्यांतलं पाणीही मी तपासून घेते. अशीच झालेय मी.

शेवटी तिने विचारलं, "पप्पांनी घेतलाच नसेल तर?"

— मग कुठे गेला तो? पाय फुटले का त्याला?

ती गेली. लाडूचा डबा तसाच आहे. आईने एक खाल्ला.

२२ जानेवारी

कल्याणहून बंदूक आणली.

आधी ठिपके तपासले. सगळे जागेवर. दौलत माझ्याकडे बघत होता, मला वाटतं त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

काम मात्र देखणं केलंय, हे मान्य करायला हवं. नळ्यांना निळसर काळी झळाळी, अक्रोडाचं लाकूड, आणि दोन्ही घोडे शेजारी शेजारी. उजव्यावरचा वेल जरा ठसठशीत आहे एवढाच फरक. सांगितल्याशिवाय कोणाला कळणार नाही. मी दोन्ही घोडे मागे ओढून पाहिले. खट, खट. असा आवाज लहानपणी बंद दाराआडून कधीतरी ऐकल्यासारखा वाटला. पण एकच खट यायचा, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

म्हणजे मी लहान असतानाही घोडा एकच होता? तेव्हा प्रभाकर केवढा होता? पण लहानपणीच्या आवाजावर काय विश्वास ठेवायचा. कौल कौल आहे.

दौलतने एक गोष्ट दोनदा बजावली. उजव्या बाजूची आतली खाच जुनीच झिजलेली आहे. घोडा ओढल्यावर त्या खाचेवर अडतो, तिथे तो कधी नीट अडतो, कधी निसटतो. त्याने घासून बरी केलीय, पण भरवसा देत नाही. "उजवा ओढून ठेवायचा नाय, ताई. चाप न दाबता पडेल. ही हिची जुनी खोड असणार."

जुनी खोड. लोकांच्या खोडी जात नाहीत तर लोखंडाची कुठून जाणार.

२९ जानेवारी

अमावास्या. शेंदूर लावला. गोळ्याला उजव्या अंगाला बारीक चीर गेलीय. तेल जास्त लावलं.

ठरवलं आहे. हळदीला जाणार. हिरवी नेसणार. आणि बार मीच काढणार.

सगळा विचार केलाय. मितेशच्या हातात बंदूक द्यायची नाही, परवाना माझा आहे. मांडवात काढायला कायद्याने बंदी आहे ते मला माहीत आहे, पण आमच्या मैदानाच्या टोकाला, खाडीकडे तोंड करून, दोन्ही नळ्या एकामागून एक. प्रभाकरने बघायला हवं. त्याने लपवून ठेवला तरी बंदूक पुरी झाली, दोन्ही घोडे वाजले. मग त्याच्या तोंडावर काय दिसतं ते मला बघायचंय. एवढंच हवंय मला. नंतर मी समीक्षाला हळद लावेन आणि घरी येईन.

मितेशला फोन केला. तो नाचायचाच बाकी होता. "आत्या, तू क्वीन आहेस. बेंजोवाल्याला सांगून ठेवतो, बार झाला की सगळे समोर नाचत येतील."

३० जानेवारी

आई जेवली नाही.

बार काढणार हे सांगितल्यापासून तिने तोंड फिरवलंय. दुपारी भाकरी परत पाठवली, रात्री पेज. मी म्हटलं, एवढं काय? सगळे काढायचे पूर्वी.

"मना इचारू नको. काढू नको म्हंजे काढू नको."

ती कुठल्याच हळदीला जात नाही. लग्नाला जाते, मांडवात बसते, जेवते. पण आदल्या दिवशीच्या हळदीला घरातल्या मुलींच्याही गेली नाही. बाबाही बेंजो सुरू झाला की घरी यायचे. तिचं स्वतःचं लग्न हळद न लावता झालं असं आत्या म्हणायच्या, घाईत उरकलं म्हणे. मला वाटायचं, आवाज सहन होत नसेल.

आता वाटतं, तिला प्रभाकरची काळजी आहे. चारचौघांत त्याची शोभा होईल म्हणून उपास धरलाय. पोटच्या पोरासाठी जेवण सोडलं तिने. माझ्यासाठी कधी सोडलं होतं?

२ फेब्रुवारी

पेज घेतली आईने, दोन घोट. बोलत नाही.

५ फेब्रुवारी

हात अजून शेंदराने माखलेत. तसेच लिहितेय, पान खराब झालं तर होऊ दे.

सकाळी वीराला आवतण द्यायला बसले. प्रभाकरची पोर असली तरी देव्हारा इथे आहे, काम माझं. पाट मांडला, तांदूळ, सुपारी, नारळ. समीक्षाचं लग्न आहे, भिवाकाका, तू पहिला ये — एवढं म्हणून पाटावर घ्यायला मी वीराला उचललं आणि तो हातात दुभंगला.

खोळ पडली. शेंदराचं आख्खं कवच, भाजलेल्या शेंगेच्या टरफलासारखं, दोन तुकडे होऊन पाटावर. देवाने खोळ टाकली की ती पाण्यात सोडायची, हे मला माहीत आहे, घाबरायचं काही नव्हतं. पण आतला दगड बघायला मी हात पुढे केला. आत दगड नव्हता.

काळं, तेलकट, वाकडं लोखंड. अंगठा टेकायला चपटं टोक, त्यावर बारीक रेघा. खाली चौकोनी भोक. आणि बाजूला वेल.

उठून कपाटातून बंदूक काढली, डाव्या घोड्याशेजारी धरलं. तीच पानं, तेवढीच. दौलतच्या वेलासारखी ठसठशीत नाहीत. एक कणभर गंज नाही. म्हणून पाणी लावायचं नव्हतं.

आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? प्रभाकरने इथे लपवला. देवात लपवला, म्हणजे कोणी हात लावणार नाही. खरंच हेच आलं. फोन हातातही घेतला होता. मग खोळीचा तुकडा उलटा करून पाहिला. थरावर थर, थरावर थर, बोट बुडेल एवढे. आतले काळपट लाल, बाहेरचे केशरी. बाहेरचे थोडे माझे. बाकीचे सगळे आईचे. प्रभाकर पाळण्यात नव्हता तेव्हापासूनचे.

मी चोर कोण म्हणून विचारलं ते यालाच. आणि पाकळी पडली ती उजव्या अंगाची चीर सुटत आली होती म्हणून.

घोडा तळहातावर ठेवून आईकडे गेले. तिने बघितलं. पदर पुढे करून तो माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला, आणि भिंतीकडे तोंड करून पडली. घोडा तिच्या मुठीत.

"उद्या सांगन," म्हणाली.

६ फेब्रुवारी

भिवाकाका खाडीत गेला नव्हता. बाबांच्याच हळदीत बार काढायचे होते. बाबांनी डावी नळी उडवली, उजवा घोडा ओढलेलाच होता, आणि तो चाप न दाबता पडला. समोरून भिवाकाका नाचत येत होता. एकोणीस वर्षांचा. आजीने पोलिसांना खाडी सांगितली, एक पोर गेला, दुसरा तुरुंगात जायला नको म्हणून. बाबांनी स्वतःच्या हाताने घोडा उतरवला आणि आजीने तो देवात ठेवला. वर्षभराने लग्न झालं तेव्हा बाबांनी हळद लावून घेतली नाही.

मी विचारलं, मग बंदूक ठेवली कशाला? खाडीतच टाकायची.

"फेकली असती त इसरला असता," आई म्हणाली.

दौलतने घडवलेला घोडा मी उतरवला. स्क्रूला तेल लावलं, पेच जुळवून परत जागेवर बसवला. भिवाकाकाला ताजा शेंदूर लावला, पहिला थर. आई पेज प्यायली. मग प्रभाकरला फोन केला. "बोल," म्हणाला, कोरडाच. म्हटलं, बार नाही होणार. पण उद्या हळदीला आम्ही तिघं येतोय — मी, आई आणि भिवाकाका.